पाण्याला प्रेशर नाही, तेलाला आहे

रस्ता खणताना बघत उभं राहणं ही आपल्याकडे करमणूक नसून नागरी जबाबदारी मानली जाते. गल्लीच्या तोंडाशी पिवळं यंत्र दिसलं की आधी दोन कुत्री उठून बाजूला होतात आणि त्यांच्या जागेवर माणसं येऊन उभी राहतात. दूध आणायला निघालेला रिकामी पिशवी धरून थांबतो, पेपरवाला सायकल स्टँडला लावतो, आणि ज्यांना कुठेच जायचं नसतं ते हक्कानं पुढची रांग धरतात. २०१९ च्या मे महिन्यात ‘जेसीबी की खुदाई’ची लाट समाजमाध्यमांवर आली आणि खोदकाम बघायला जमलेल्या गर्दीचे फोटो देशभर फिरले. सगळ्यांना हसू आलं. आमच्या गल्लीला मात्र त्यात बातमी काय, तेच कळेना. सूर्य पूर्वेला उगवला म्हणून कोणी फोटो फिरवतं का?

खोदकामाचं कारण बहुधा एकच असतं : नळाला प्रेशर नाही. ही तक्रार काही वर्षं चालते. मग पाइपलाइन बदलायचं ठरतं. मग रस्त्याचं डांबरीकरण होतं. आणि डांबर नीट बसलं की यंत्र येतं. हा क्रम चुकल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही. मौज अशी, की प्रेशर नसलेली लाइन उकरायला जे यंत्र आणतात, त्याच्या पोटात प्रेशरचा नुसता सुकाळ असतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून पाणी खाली आलं की नळाशी साधारण एक बार दाब मिळतो. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. त्याच्या माथ्यावर टाकी बांधली आणि तिथून नळ थेट समुद्रसपाटीला आणला (ही योजना अजून कोणी जाहीर केली नसेल, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत धीर धरावा), तरी दाब भरेल १६० बारच्या आसपास. मोटारीच्या टायरमध्ये असतो दोनाच्या थोडा वर. आणि समोर खणत असलेल्या यंत्रातलं तेल जोराच्या कामाला दोनशे बारच्या पुढे जातं. म्हणजे गल्लीतलं सगळं प्रेशर गल्लीतच आहे, फक्त ते आपल्या नळात नाही.

या ताकदीचं श्रेय कोणाला द्यायचं यावर पुढच्या रांगेत रोज परिसंवाद भरतो.

“इंजिन बघा की केवढं असेल! ट्रकचं बसवतात ते.”

“इंजिनाचं काही नाही हो काका, सगळा हाताचा खेळ आहे. पोरगा तयार आहे.”

“लोखंड बाहेरचं असतं,” असं तिसरा म्हणतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

इंजिनाचंच घ्या. या जातीच्या यंत्राचं इंजिन पाऊणशे अश्वशक्तीच्या घरातलं असतं, म्हणजे कडेला लावलेल्या एखाद्या छोट्या मोटारीच्या आसपास. आता त्या मोटारीनं कधी रस्ता उखडल्याचं ऐकिवात नाही. उलट रस्त्यानंच मोटारी उखडल्याची उदाहरणं हवी तितकी आहेत. पोरगा तयार असतो हे खरं, पण त्याच्या मनगटात सोळा टन ढकलायचं बळ नसतं. लोखंड तर बिचारं हुकमाचं ताबेदार. खरं काम करतं ते तेल. आणि तेलाचं नाव परिसंवादात एकदाही निघत नाही, कारण ते दिसत नाही. दिसायला लागलं की यंत्र बंद पडलेलं असतं.

तेलाच्या अंगी हे बळ येतं ते एका साध्या गुणामुळे : कितीही दाबलं तरी ते फारसं आक्रसत नाही. दोनशे बारला शंभरातला एखादा भाग कमी होतो, बस्स. आणि बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे फ्रान्समधल्या ब्लेज पास्कलनं सतराव्या शतकात मांडून ठेवलं. हे तेच पास्कल, ज्यांनी वडिलांना करवसुलीच्या बेरजा सोप्या जाव्यात म्हणून तरुणपणी हिशेबाचं यंत्र बनवलं. मुलाच्या हुशारीचा वडिलांना प्रत्यक्ष उपयोग झाल्याचं हे जगाच्या इतिहासातलं बहुधा पहिलं उदाहरण. एक तोंड लहान, दुसरं शंभरपट मोठं, दोन्हीला दट्टे आणि मधे पाणी, असं भांडं केलं तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभरांच्या तोडीस तोड ठरेल, असं त्यांनी दाखवलं. त्यांचा यावरचा ग्रंथ छापून आला १६६३ साली, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी.

मात्र यात एक मेख आहे. शंभरपट जोर हवा असेल तर लहान दट्टा शंभरपट अंतर हलवावा लागतो. पंक्चरवाल्याकडचा बाटली जॅक आठवा. पोरगं दांडा वरखाली, वरखाली करत घामाघूम होतं आणि गाडी वर येते बोटभर. मालक विचारतो, “अरे, उचलतोयस की नुसता हलवतोयस?” दोन्ही प्रश्नांचं उत्तर होच असतं. जॅकच्या पोटात एक बारीक प्लंजर, एक जाड रॅम आणि तेलाला परत फिरू न देणाऱ्या दोन गोळ्या, एवढाच कारभार. निसर्ग उधारीवर काही देत नाही. जोर दिला तर अंतर कापून घेतो.

पास्कल यांनी कागदावर मांडलेलं हे भांडं प्रत्यक्षात यायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. १७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्लिश कारागिरानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. या गृहस्थांनी त्याआधी १७७८ मध्ये संडासाच्या सुधारित फ्लशचं पेटंट घेतलं होतं आणि एक असं कुलूप बनवलं होतं, की ते उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस लावून दुकानात मांडून ठेवलं. ते उघडलं एका अमेरिकन कुलूपवाल्यानं, १८५१ साली, तेव्हा ब्रामा कधीच निवर्तले होते. अशा खमक्या माणसालाही प्रेसनं एका जागी अडवलं. दट्ट्याच्या भोवतीनं पाणी गळायचं. गळती थांबवायला पॅकिंग आवळावं तर दट्टा जागचा हलेना. सैल करावं तर पाणी अंगावर. त्यांच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुणाला यावर तोड सुचली असं मानतात. चामड्याची वाटीसारखी कड करायची आणि तिचं तोंड पाण्याकडे ठेवायचं. दाब वाढला की पाणीच त्या कडेला भिंतीवर दाबून धरतं, आणि दाब उतरला की कड आपोआप सैल होते. गळायला निघालेल्या पाण्यालाच पहारेकरी नेमलं! आज चामड्याच्या जागी रबर आणि पॉलियुरेथेन आलं, पण यंत्राच्या सिलिंडरमधलं सील अजून याच युक्तीनं काम करतं.

पुढे पाण्याच्या जागी तेल आलं, कारण पाणी लोखंडाला गंज आणतं आणि तेल त्याच वेळी वंगणही करतं. ज्यांच्या नावावरून ‘जेसीबी’ आलं त्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात एका छोट्या गॅरेजमध्ये धंदा सुरू केला आणि १९५३ मध्ये पुढे लोडर, मागे खणायचा हात असं यंत्र बाजारात आणलं. आपल्या ग्राहकांच्या केबिनमध्ये चहाची किटली चालावी म्हणून त्यांनी सोय करून दिली होती. आपल्याकडे यंत्र आलं, किटली तेवढी आली नाही. पण काही बिघडलं नाही. यंत्र जिथे उभं राहतं तिथे चहावाला आपोआप येतो.

आता तेलाबरोबर एक फेरी मारून येऊ.

सुरुवात टाकीपासून. टाकी म्हणजे नुसता साठा नव्हे. परतून आलेल्या तेलानं इथे जरा टेकायचं, अंगातली हवा सोडायची, तापलेलं डोकं थंड करायचं आणि सोबत आणलेला गाळ तळाशी ठेवायचा, ही अपेक्षा असते. हात लांब झाला की टाकीतलं तेल उतरतं, आखडला की चढतं. म्हणजे टाकीला श्वास घ्यावा लागतो. त्यासाठी झाकणावर ब्रीदर असतो, आणि तो धूळ गाळून हवा आत घेतो. ब्रीदर हरवला की त्या भोकात फडक्याचा बोळा कोंबण्याची आपल्याकडे पद्धत आहे. फडकं कसलं? ज्यानं आत्ताच हात पुसले ते. टाकीतली तेलाची काच बघणं हाही एक मोठा विषय आहे. पातळी बघायची ती कंपनीनं सांगितलेल्या अवस्थेत यंत्र उभं करून. पण हेल्पर बघतो हात हवेत असताना, त्याला तेल कमी दिसतं, तो डबा ओततो, आणि संध्याकाळी हात आखडला की जास्तीचं तेल ब्रीदरमधून बाहेर येऊन जमिनीला नैवेद्य होतं.

टाकीतून तेल जातं पंपाकडे. पुष्कळ यंत्रांत गिअर पंप असतो : एका घट्ट घरात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. बहुतेकांना वाटतं की तेल दोन चाकांच्या मधून चेपत पुढे जातं. ते तसं नाही. तेल दातांच्या खाचांत बसून बाहेरच्या कडेनं, भिंतीला धरून फिरत जातं. मध्ये दात एकमेकांत बसलेले असल्यामुळे त्याला माघारी यायला वाट नसते. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या वाटेवरची जाळी तुंबली तर पंपाला तेल कमी पडतं, तेलातच वाफेचे बुडबुडे होतात आणि दाबाखाली येताच ते फुटतात. पंपात खडे टाकल्यासारखा आवाज येतो आणि धातूला खळगे पडतात. अशा वेळी पंप ओरडतो आणि ऑपरेटर गाण्याचा आवाज वाढवतो.

पण पंपाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच आहे, आणि तो भल्याभल्यांच्या डोक्यातून जात नाही. पंप दाब निर्माण करत नाही. पंप फक्त तेल पुढे ढकलतो, मिनिटाला इतके लिटर. दाब तयार होतो तो समोरच्या अडथळ्यामुळे. बकेट हवेत मोकळी फिरत असेल तर तेल जेमतेम दाबानं जातं. काळा पाषाण लागला की दाब चढतो. जेवढं ओझं तेवढाच दाब, त्याहून काडीचा जास्त नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला तर आपल्या सार्वजनिक जीवनातल्या एका दिमाखदार दृश्यावर वेगळाच प्रकाश पडतो. महाराष्ट्रात हल्ली मोठ्या माणसाचं स्वागत हातानं फुलं टाकून करणं हा अपमान समजतात. चौकात दोन्ही बाजूंना जेसीबी उभे करतात, बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या आणि गुलाल भरतात, ‘आगे बढो’च्या घोषणा होतात आणि वरून पुष्पवृष्टी होते. शेजारी क्रेनला लटकवलेला हार असतो. तो गळ्यात घालायचा नसून त्याच्या आत उभं राहायचं असतं. कार्यकर्त्यांना वाटतं, केवढी ताकद लावली! आता प्रेशर गेज लावून पाहा. फुलांचं वजन ते काय? त्या बकेटच्या लोखंडापुढे ते हिशेबातही येत नाही. म्हणजे साहेबांच्या स्वागतासाठी यंत्रानं जो काही दाब खर्च केला, तो सगळा स्वतःचाच हात उचलण्यात. साहेबांच्या वाट्याला आलेला दाब काट्याला दिसत नाही. शक्तिप्रदर्शन म्हणतात ते हेच असावं.

अडथळा जेवढा तेवढा दाब, हे ठीक. पण अडथळा हटलाच नाही तर? बकेट एखाद्या खडकाखाली अडकली, पंप तेल ढकलतोच आहे, तेल आक्रसत नाही, खडक हलत नाही. मग काहीतरी फुटायलाच हवं. इथे रिलीफ व्हॉल्व्ह येतो. प्रत्येक लग्नघरात एक मामा असतो. तो कुठल्या फोटोत नीट सापडत नाही, पत्रिकेत त्याचं नाव ‘आपले विनीत’मध्ये शेवटून दुसरं. पण मानपानावरून वरपक्षाचा पारा चढला, आवाज मांडवाबाहेर जायला लागला, की हाच मामा रुसलेल्या व्याह्यांना खांद्याला धरून मागच्या दारानं बाहेर काढतो, पान खिलवतो, आणि मुहूर्त टळत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे हा मामा. एक छोटी सुई किंवा गोळी, तिच्यामागे स्प्रिंग. दाब ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की स्प्रिंग दबते, वाट उघडते आणि जास्तीचं तेल गुपचूप टाकीत परत जातं.

गुपचूप म्हटलं खरं, पण हा मामा काम करताना किंचाळतो. खडकाशी झुंजताना यंत्र ‘कूंऽऽ’ असा जो आवाज काढतं ना, तो बराचसा त्याचाच. त्या क्षणी पुढची रांग अगदी भारावून जाते. “बघा, बघा, कसा जोर लावतोय!” वस्तुस्थिती अशी असते, की त्या क्षणी यंत्र काहीही काम करत नसतं. बकेट जागची हललेली नाही, तेल चोरवाटेनं घरी चाललंय आणि जाळलेल्या डिझेलची नुसती उष्णता होऊन तेल तापतंय. सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात कमी काम एकाच वेळी चाललेलं असतं. कसलेला ऑपरेटर हे ओळखतो. तो लिव्हर सोडतो, हात जरा मागे घेतो, दुसऱ्या कोनातून दात घालतो आणि खडक निमूटपणे बाहेर येतो. प्रेक्षक मात्र हिरमुसतात. त्यांना झुंज हवी असते.

या मामाच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, आणि त्या स्क्रूवर आपल्या मिस्त्रींचं निस्सीम प्रेम आहे. मालक म्हणतो, “मशीन जोर देत नाय, मिस्त्री.” खरं कारण पंप झिजला असेल, सील गेलं असेल, जाळी तुंबली असेल. मिस्त्री म्हणतो, “वॉल जरा टाइट करून देतो, शेट.” गेज लावायचं? गेज कशाला? कान आहेत की. स्क्रू अर्धा वेढा आत जातो, यंत्र दोन दिवस सिंहासारखं चालतं, आणि तिसऱ्या दिवशी जो भाग सगळ्यात कमजोर असतो तो फुटतो. मालक मिस्त्रीलाच बोलावतो. मिस्त्री फुटलेली होज हातात घेऊन उदासपणे म्हणतो, “माल डुप्लिकेट यायला लागलाय, शेट.”

पंपातून निघालेलं तेल कोणाकडे जायचं, हे ठरवतो कंट्रोल व्हॉल्व्ह. ऑपरेटर हलवतो त्या लिव्हर याच लोखंडी ठोकळ्याला जोडलेल्या असतात. आत प्रत्येक कामासाठी एकेक स्पूल, म्हणजे खाचा पाडलेली गुळगुळीत दांडी. ती एकीकडे सरकली की तेल सिलिंडरच्या या टोकाला जातं, दुसरीकडे सरकली की त्या टोकाला. साध्या रचनेत लिव्हर मध्यावर असली की तेल कुठेही न जाता टाकीत परत फिरतं. दोन लिव्हर एकदम ओढल्या तर तेल आधी हलक्या ओझ्याकडे धावतं. हा गुण त्याला कुठल्याही खात्यात नोकरी न करता साधलेला आहे. म्हणून हात उचलणं, वळवणं आणि बकेट मिटणं एका लयीत करणारा ऑपरेटर खरा कलावंत. तो लिव्हर ओढत नाही, नुसती बोटं टेकवतो. नवशिका दोन्ही मुठींनी ओढतो आणि यंत्र अंगात आल्यासारखं हलतं.

स्पूल आणि तिचं घर यांच्यामध्ये जागा असते काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा किती तरी बारीक फटीत हा सगळा कारभार चालतो. डोळ्याला न दिसणारा कण तिथे अडकला तर स्पूल चिकटते, आणि मोकळी राहिली तरी कण तिला रोज थोडं खरवडत राहतो. हायड्रॉलिकचे बहुसंख्य बिघाड तेलातल्या घाणीमुळे होतात, आणि ती घाण बहुतेक वेळा आपण हातानं आत घातलेली असते. धुळीच्या साइटवर, उघड्या टाकीत, कापलेल्या पाण्याच्या बाटलीचं नरसाळं करून तेल ओतणारा हेल्पर आठवा. एवढ्या भक्तिभावानं तर अभिषेकही होत नाही.

आता सिलिंडर. बघ्यांना दिसणारा हा एकमेव नट. चकचकीत दांडा आतबाहेर होतो, ऊन पडलं की झळकतो. समजा पिस्टनचा व्यास दहा सेंटिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. दोनशे बार दाबाला तो ढकलतो सुमारे सोळा टन. तोच उलटा ओढायला सांगितला, तर दांड्यानं अडवलेली जागा वजा करावी लागते. दांडा सहा सेंटिमीटरचा असेल तर ओढ उरते सव्वादहा टनांची. म्हणजे सिलिंडर ढकलण्यात दांडगा, ओढण्यात जरा कमी. पण ओढताना तेल कमी लागतं म्हणून वेगानं मागे येतो. हे ओळखून बनवणाऱ्यांनी मांडणी अशी केली, की बकेट मिटून माती खरवडताना तिचा सिलिंडर बाहेर ढकलत असतो, आणि रिकामी बकेट उघडताना आत येत असतो. जोर लागतो तिथे जोर, घाई असते तिथे घाई. अशी वाटणी घराघरांत झाली असती तर बरेच संसार सुखाचे झाले असते.

सिलिंडरमधलं सील झिजलं की एक गूढ प्रकार सुरू होतो. संध्याकाळी हात वर ठेवून यंत्र उभं केलं, सकाळी पाहावं तर बकेट जमिनीवर. मालकाचा पहिला संशय वॉचमनवर.

“रात्री कोण चढलं होतं मशीनवर?”

“कोणी नाही, शेट. देवाशप्पथ.”

“मग हात काय स्वतःच्या पायानं खाली आला?”

तर होय, स्वतःच आला. पिस्टनच्या कडेनं किंवा स्पूलच्या फटीतून तेल थेंबाथेंबानं पलीकडे गेलं आणि हात रात्रभर बसत गेला. म्हणूनच काम संपलं की बकेट जमिनीला टेकवून ठेवायची असते आणि अधांतरी हाताखाली कधीही जायचं नसतं. दुपारच्या उन्हात उचललेल्या बकेटच्या सावलीत डबा उघडून बसणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवं. इंजिन बंद आहे याचा अर्थ ओझं बंद आहे असा होत नाही.

ही विद्या पिवळ्या यंत्रापुरती नाही. सलूनमध्ये पायानं दट्ट्या मारून खुर्ची वर घेतात ती, डंपरची ट्रॉली, ट्रॅक्टरची लिफ्ट, साखर कारखान्यात उसावर वरचा रोलर दाबून धरणारा दाब, विसर्जन मिरवणुकीत विजेच्या तारा आल्या की खाली बसणारा मंडळाचा रथ, सगळीकडे हेच तेल राबतं. लंडनमध्ये तर १८८३ पासून एक कंपनी रस्त्याखालच्या नळांतून दाबाचं पाणी विकत होती. त्यावर हॉटेलांच्या लिफ्ट चालायच्या. हा धंदा १९७७ पर्यंत टिकला. तिथे नळाला एवढं प्रेशर होतं की लोक त्याचं बिल भरत. आपल्याकडे बिल वेळेवर येतं, प्रेशरचं काय ते वर आलंच आहे.

फेरीत उरली ती होज. बाहेरून साधी काळी नळी, आत तारांचं विणकाम. वाकडी बसवली, कुठे घासत राहिली, उन्हात वर्षानुवर्षं तडकली की एक दिवस जाते. गेली की पहिल्या रांगेला खोदकामाचा प्रसाद मिळतो आणि शाळेचा पांढरा गणवेश कायमचा तेलकट होतो. फुटलेली होज निदान दिसते तरी. घातक असतं ते सुईच्या अग्राएवढं भोक. त्यातून तेलाची जी बारीक धार निघते ती कधीकधी डोळ्यालाही दिसत नाही, आणि “कुठून गळतंय बघू” म्हणत कोणी हात फिरवला तर ती कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हात धुऊन चहाला जातो. आतून मात्र ते तेल मांस नासवत जातं. बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. ही हळद लावून सोडून द्यायची जखम नाही. लगेच शस्त्रक्रिया लागणारी आहे, आणि डॉक्टरांना ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगावं लागतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी, तीही लांबून.

काम आटोपून तेल परत निघतं. वाटेत कूलर त्याला थंड करतो आणि फिल्टर गाळतो. तेल ऐंशी अंश सेल्सियसच्या पुढे तापलं की पातळ होतं आणि सील कडक पडायला लागतात, म्हणून कूलरच्या जाळीवरची माती झाडणं हे काम आहे, रिकामपणचा उद्योग नव्हे. तेलाला नंबर असतो, बहुधा ४६ किंवा ६८. तो आकडा चाळीस अंशाला तेल किती दाट आहे ते सांगतो. तालुक्याच्या गावी विचारावं तर दुकानदार म्हणतो, “अडुसष्ट संपलंय, हे टाका, काही होत नाही.” ‘काही होत नाही’ हा आपल्या देशातला सर्वाधिक खपाचा ग्रेड आहे. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, फेसाळलं तर हवा, काळं पडून जळका वास आला तर ते तापून तापून म्हातारं झालंय. डबा उघडला की तेल स्वतःच आपली तक्रार सांगतं. ऐकणारा भेटत नाही, एवढंच.

फिल्टर ही या सगळ्यातली सर्वात स्वस्त वस्तू आणि म्हणूनच सर्वात शेवटी आठवणारी. हजार-दोन हजार वाचवायला मालक तोच फिल्टर डिझेलनं धुऊन परत बसवतो आणि सहा महिन्यांनी पंपासाठी लाखाच्या घरातलं बिल भरतो. वर म्हणतो, “पहिल्यासारखी मशीनं राहिली नाहीत.” मशीनं पहिल्यासारखीच आहेत. फिल्टरही पहिलाच आहे, हीच तर अडचण आहे.

तेव्हा मालकांना एकच विनंती : केबिनवर लिंबू-मिरची जरूर बांधा, पण तासांचं मीटर बघून फिल्टरही बदला. दृष्ट लागून पंप गेल्याचं आजवर एकही उदाहरण सिद्ध झालेलं नाही. धूळ लागून गेलेले रोज गॅरेजात येतात. आणि बघ्यांना सांगणं एवढंच, की खोदकाम अवश्य बघा, तो आपला हक्क आहे. फक्त हाताच्या पल्ल्याबाहेर उभे राहा, तेल गळताना दिसलं तर बोट लावू नका, ऑपरेटरला हाक मारा. टाळ्या वाजवायच्याच असतील तर यंत्र किंचाळताना वाजवू नका. ते शांतपणे, न अडता, एका लयीत खणत असेल तेव्हा वाजवा. काम त्याच वेळी होत असतं.